सेंट्रिफ्यूजचं झाकण

पत्रकं मी शेकड्यांनी लिहिली, पण हे त्यांतल्या एकाही ओळीत आलेलं नाही. आईलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — सरळ सांगता आलं तर.

मी रक्तदानाचा प्रचारक. दुसऱ्याच्या बेपर्वाईवर तुटून पडणं हा माझा धंदाच. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, इस्पितळाच्या वॉर्डात रामटेककडची एक मुलगी होती. नाकातलं रक्त थांबेना. तिला प्लेटलेट्स हव्या होत्या. सक्करदऱ्याच्या एका मित्राला मी रक्त द्यायला आणलं आणि त्याच्या पिशवीमागोमाग रक्तपेढीत शिरलो. कशाला? बघायला! लाल रक्तातून पिवळं पाणी वर येतं, प्लेटलेट्स त्या पिवळ्यात राहतात — हे मी छापलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

गुलाबराव तिथले टेक्निशियन. त्यांनी पिशव्या तोलून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त फिरवून थर पाडणाऱ्या यंत्रात, समोरासमोर ठेवल्या, वेगाचा काटा कमीवर लावून यंत्र हळूच फिरवलं — जोरात फिरवलं तर प्लेटलेट्सही तळाला बसतात म्हणे. मग बटण बंद केलं. "आता हात नको लावू गा. आपल्या मनानं थांबते ते," म्हणाले आणि चहाला गेले.

यंत्र मंदावत होतं. थर झाला असेल का? कसा दिसत असेल? — मी झाकण उघडलं. फिरत्या चाकावर फडकं दाबून धरलं. यंत्र गचकन थांबलं, आणि पिवळ्यात खालून लाल धूर चढावा तसं सगळं गढूळ झालं. मी झाकण लावलं.

गुलाबरावांनी पिशवी उजेडात धरली. "रक्त फुटलं वाटते. असं तर कधी झालं नाही." पेशी फुटलेलं रक्त रोग्याला चालत नाही. त्यांनी पिशवी टाकून दिली. खरं तर रक्त फुटलं नव्हतं, नुसतं ढवळलं होतं; मी एक शब्द बोललो असतो, तर तीच पिशवी पुन्हा फिरवता आली असती. बोललो नाही. दुसरा दाता मिळेपर्यंत दुपार सरली. तोवर त्या मुलीची आई फडक्यांमागून फडकी बदलत होती.

मुलगी वाचली. डॉक्टरांनी मला विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, वेग जास्त ठेवला होता. तेवढ्यावर तरी थांबलो? छे — पत्रक काढलं! "यंत्रावर बसलेली बेपर्वाई." पेढीनं गुलाबरावांना यंत्रावरून उठवून बाटल्या धुवायला बसवलं.

मागच्या महिन्यात ते भेटले. ओल्या हातांनीच जवळ आले. "तू तिथंच होता ना गा? काटा कुठं होता, पाहिला काय तू? मले आठवूनच नाही राहिलं."

"लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

काटा बरोबर जागी होता. मी पाहिला होता.