न मोडलेली भाकर

मी जयपूरला सुवार्तिक म्हणून आलो तेव्हा इथल्या तीन ख्रिस्ती मंडळ्या एकमेकींची माणसं ओढण्यात गुंतल्या होत्या. त्यांना एकत्र आणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता दुर्गापुऱ्यात आमचं एकच सभागृह आहे. उपदेश आळीपाळीनं, आजाऱ्यांच्या भेटी मिळून. एक नियम मात्र मी हट्टानं करून घेतला होता. दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला त्याच्या पाळकांना विचारल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेली भाकर आणि द्राक्षरस, द्यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सुभेदाराच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बाई आमच्या नगरकडची, पण सभासद आमच्या मराठी मंडळीची नव्हे, हिंदी मंडळीची. आदल्या संध्याकाळी तिनं मला दवाखान्यात बोलावलं. मी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. मग ती म्हणाली, "भाऊ, मला लई भ्या वाटतंय. आपल्या मराठीत भाकर मोडा ना."

भाकर पिशवीत होती, द्राक्षरसही होता. मी बाहेर जाऊन तिच्या पाळकांना फोन लावला. ते अलवरला होते. परवा येतो, मीच देईन, म्हणाले. आत येऊन मी तिला तसंच सांगितलं, वर नियमही समजावला. तिचा नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. "राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्यात वाद नको."

ऑपरेशन नीट पार पडलं. मला मात्र चैन पडेना. शेवटी त्या पाळकांपाशीच मन मोकळं केलं. चहा ओतता ओतता ते हसले. "भाईसाहब, पूछा ही क्यों? पूछोगे तो मना ही करूँगा ना. दे देते, बाद में बता देते."

मी का विचारलं, ते मला ठाऊक होतं. मंडळ्यांच्या एकोप्यापेक्षा तो मी घडवला, ही गोष्ट मला अधिक प्यारी होती. तिला तडा जायला नको होता, आणि नकारही माझ्या नावावर नको होता.

तिन्ही मंडळ्यांच्या पुढच्या बैठकीत मीच तो नियम काढून टाकायला सांगितलं. कुणी चर्चासुद्धा केली नाही. त्याच आठवड्यात पिशवी घेऊन त्या बाईच्या घरी गेलो. नियम गेल्याचं सांगितलं, आता भाकर मोडू का, असं विचारलं.

तिनं मला खुर्ची दिली. मग म्हणाली, "भाऊ, तवा भ्या वाटत होतं, म्हणून मागितली होती. आता रविवारी घेईनच की सगळ्यांबरोबर."

तिनं पोहे केले. मी खाल्ले आणि पिशवी तशीच घेऊन निघालो.