पाणी बंद

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरमध्ये होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. येवल्याकडचा लान्स नाईक संपत माझ्याच सेक्शनमध्ये होता. अँबुश लावायच्या, म्हणजे शत्रूसाठी दबा धरून बसायच्या आधी मी जवानांचं पाणी बंद करायचो. लघवीला उठलेला एक माणूस सगळ्यांचा जीव धोक्यात घालतो. ही शिस्त संपत सगळ्यांत चोख पाळायचा.

नव्वदच्या दशकात आमची गाडी दरीत कोसळली. माझं कमरेखालचं अंग लुळं पडलं, संपतचं छातीखालचं. दोघांनाही लघवीची नळी कायमची लागली आणि मांडीला पिशवी. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "भरपूर पाणी प्या. नाहीतर खडे होतील, आणि तुम्हाला ते दुखणारही नाहीत." संपतचा एक खडा काढून झाला होता. तरीही चार माणसांत जायचं म्हटलं की आम्ही पाण्याला शिवायचो नाही. भरलेली पिशवी दुसऱ्याच्या हातून रिकामी करून घ्यायची फार लाज वाटायची.

संपतच्या मुलीचं लग्न ठरलं. दोन दिवस आधी त्याचा नाशिकला मला फोन आला.

"उस्ताद, मांडवात पिशवी भरली तर? व्याह्यांपुढं इज्जत जाईल."

"अँबुश आहे समज," मी हसत म्हणालो. "पाणी बंद."

"जी, उस्ताद."

लग्न येवल्याला, दुपारी साडेबाराचं. अक्षता पडल्या तेव्हा संपतचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावरून घाम निथळत होता.

"डोकं लय ठणकतंय, उस्ताद."

"पिशवी?"

"कोरडी हाय," म्हणून तो हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

ऊन लागलं असेल म्हणून आम्ही त्याला आडवं केलं. बसवून ठेवायला हवं होतं, नळी तपासायला हवी होती. खड्याच्या बारीक चुऱ्याने ती बुजली होती, मूत्राशय तुडुंब भरलं होतं आणि त्या ताणाने रक्तदाब चढत चालला होता. दुसरा कोणी कळांनी ओरडला असता. त्याला फक्त डोकं दुखलं. जीपमधून नाशिकच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत त्याची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी नळी बदलली, पण मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी संपत गेला.

शहिदांच्या यादीत त्याचं नाव नाही. माझ्या लेखी तो ड्यूटीवरच गेला.

दहाव्याला त्याची मुलगी माझ्या व्हीलचेअरजवळ येऊन बसली.

"काका, डॉक्टर एवढं सांगत होते. मग दादांनी पाणी का नाय पिलं?"

"माझी ऑर्डर होती, पोरी," मी म्हणालो.