कार्डावरचा पाटील

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. तेव्हा माझा एक पाय विहिरीच्या पायरीवर होता, खांद्यावर पाइप होता. निपाणीजवळच्या त्या मळ्याचा मालक उठून उभा राहिला.

"वर या. यंत्र चांगलं हाय तुमचं, पर तुम्ही वर या."

माझ्या हाताखालचा मेकॅनिक विहिरीत उतरला. मी लांब बांधावर उभा राहून त्याला ओरडून सांगत होतो, पाइप असा धर, नट तसा आवळ. पंप चालू झाला. चहा मेकॅनिकला मिळाला. ऑर्डरच्या कागदावर सही करायला मालकानं माझं पेनसुद्धा घेतलं नाही. घरातून दुसरं मागवलं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बेळगावातल्या एका पंप कारखान्यात बिझनेस डेव्हलपमेंट ऑफिसर होतो. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला पदवीधर. परत आल्यावर घडलेलं सगळं शेठना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते हसले.

"कार्डावर पाटील छापूया. धंदा वाढवायचा हाय न्हवं?"

आणि मी मान हलवली. आजही स्वतःचा संताप येतो. वर्षभर पाटील म्हणून हिंडलो. लोकांनी घरात बोलावलं, पाटावर बसवलं, मी पोटभर जेवलो. पंप धडाधड खपले. शेठनी पाठ थोपटली.

रविवारी दुपारी मात्र मी निपाणीत आमच्या वस्तीत असायचो. समाजमंदिरात बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचो. बिड्या वळणाऱ्या, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका. त्यांत माझी आई. एका रविवारी तिनं माझ्या खिशातलं कार्ड उचललं.

"आज माझ्या लेकाचं नाव वाचते," ती सगळ्यांना म्हणाली.

नाव तिनं झोकात वाचलं. मग पुढं बोट सरकवलं. "पा... टी... ल." थांबली. पुन्हा वाचलं. तोंड उतरलं तिचं. शेजारणीला म्हणाली, "मला अजून नीट येत न्हाय गं."

चाळीस वर्षं तंबाखूच्या धुळीत खोकलेली बाई माझ्यापायी स्वतःला अडाणी समजत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, तू बरोबर वाचलंस."

"मग चुकलं कोण रं?"

बायका खाली पाट्यांकडं बघत बसल्या.

सोमवारी कार्डांचा गठ्ठा शेठच्या टेबलावर ठेवला.

"माझ्या आडनावाची छापा."

"गिऱ्हाईक तुटंल."

"तुटू दे."

शेठनी निपाणीचा भाग माझ्याकडून काढून घेतला. खानापूरकडं धाडलं. पहिल्या दोन गावांतून रिकाम्या हातानं परत आलो. तिसऱ्या गावात चावडीपुढं माणसं जमली, तेव्हा पंपाचं खोकं उघडायच्या आधी मी आडनाव सांगितलं. मोठ्यानं. मागं बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं.

"ज्याला उठून जायचंय, त्यानं आत्ताच जावं," म्हणालो. "मी जाणार न्हाय."