राणीले पाहाले गल्ली आली

मंडळी, आजच घडलं ते लिहिते.

आज दुपारी यवतमाळच्या शेल्टरमधून आमी एक कुत्री घाटंजीले घरी आणली. वाटेतच तिचं नाव ठेवलं राणी. गाडीतून उतरत नाही तं अर्धी गल्ली दारात! नवी सून आल्यावानी सगळे तोंड पाहाले आले. कोणी बिस्किट देते, कोणी मोबाईल तिच्या नाकापाशी नेते. आन् मीच हौसेनं सगळ्यायले चहाले बसवलं.

चहा घेऊन बाहेर आली तं राणी गायब. फाटक सताड उघडं, समोर ट्रकांचा रस्ता. नवरा गाडी घेऊन धावला. मी गल्लीभर "राणी, राणी" ओरडली, पण तिले ते नाव कुठं ठाऊक!

तेवढ्यात शेजारची पोरं आमच्या कापसाच्या खोलीत ढिगावर उड्या माराले निंगाली. सासूबाईनं दारच अडवलं.

"थांबा रे! ढीग हालून राह्यला."

कापसातून फक्त काळं नाक दिसत होतं. मी ओढाले वाकली, तं सासूबाईनं माझा हात धरला.

"राहू दे तिले. मी लगन होऊन आली तवा याच खोलीत लपून बसलती. मलेबी असंच ओढून बाहेर नेलतं."

सगळ्यायले घरी पाठवलं. पाणी ठेवलं, दार लोटलं. राणी अजून कापसातच हाये, आन् सासूबाई दाराबाहेर पहारा देऊन राह्यल्या.

नवं कोणी आलं की तोंड पाहाले आपण सगळेच धावतो. त्याले लपाले जागा कोण देते?