चानोची जागा

कॅनडातल्या रेजिना शहराच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. सांगलीहून निघताना सगळ्यांनी ‘मजा करा’ म्हणून निरोप दिला होता. मजा कुठे दिसेना. खाली पांढरं, वर करडं, आणि मधून आमची एकटी गाडी.

“काका, विंटर टायर्स घातलेत, रिलॅक्स!” माझा पुतण्या अविनाश म्हणाला. मी तरीही दाराचा दांडा सोडला नाही.

अविनाश आणि त्याची बायको मीनल सकाळी अंधारात कामावर जात आणि अंधारातच परत येत. मधला सगळा दिवस मी, फ्रिजमधली कालची आमटी आणि खिडकीबाहेरचा बर्फ. बोलायला चिटपाखरू नाही. शेवटी बेसमेंटमध्ये महाराष्ट्र मंडळाची पेटी सापडली. गणपतीनंतर तिला कोणी हात लावला नव्हता. आयुष्यभर मी भजनात आणि बैठकीत पेटीची साथ केली आहे, तेव्हा ती पुसून घेतली आणि वाजवत बसलो.

एका सकाळी दार वाजलं. बाहेर शेजारचे रामोन, हातात बर्फाचं फावडं. पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस, पण स्वतःच्याबरोबर आमचाही ड्राइव्हवे साफ करायचा.

“आत काय वाजतंय?” त्यांनी विचारलं. “माझ्या अकॉर्डियनचं भावंड वाटतंय.”

मी त्यांना चहा दिला. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे छान जमलं. रामोन तेहानो (टेक्सासमधले मेक्सिकन वंशाचे लोक). तरुणपणी त्यांनी आणि त्यांचा मित्र चानो याने बँड काढला होता. दिवसा शेतात कापूस वेचायचा, शनिवारी ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून मजुरांच्या लग्नांत वाजवायचं. गावातल्या गोऱ्यांच्या नाचघरात त्यांना आत घेत नसत. त्यांच्या भागात अकॉर्डियनच्या या संगीतात ड्रम आणणारे हे पहिले, म्हणून म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांनी तेच म्हातारे ड्रमवाल्यांनाच बोलवा म्हणू लागले.

“अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला खर्जाची बटणं असतात,” रामोन म्हणाले. “मी ती कधीच दाबली नाहीत. त्यांचे सूर काढूनच टाकले. खालचं सगळं चानो सांभाळायचा, बाहो सेस्तोवर (बारा तारांची जाड आवाजाची गिटार).”

पुढे चानोने इथली, रेजिनातली मुलगी केली आणि तो इथला झाला. बायको गेल्यावर रामोनही मित्राजवळ राहायला आले. आता चानोला पक्षाघात झाला होता. वाचा गेली, अर्धं अंग गेलं, आणि महिनोन् महिने त्याने कोणालाही ओळख दिली नव्हती.

“दर रविवारी मी त्याच्यापुढे वाजवतो,” रामोन म्हणाले. “त्याला एकदा कळायला हवं की हा मी आहे. तू पेटी घेऊन येशील?”

मी हो म्हटलं.

शुश्रूषागृहाच्या खोलीत उकडलेल्या बटाट्यांचा वास होता. चानो पलंगावर टेकून बसला होता, नजर भिंतीवर. रामोननी ट्रकवरच्या दिवसांतली एक जुनी चाल सुरू केली. मी पेटीवर हलक्या हाताने साथ धरली. ओळ संपली आणि रामोन थांबले. आता आमच्याकडे गाणारा थांबला की पेटीवाल्याने ती मोकळी जागा भरायची असते. नाही भरली तर लोक म्हणतात, पेटीवाला झोपला. माझी बोटं सवयीने गेली आणि मी एक छानसा तुकडा वाजवला.

खण्‌कन आवाज झाला. चानोने धड हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला होता.

मी घाबरून पेटी बंद केली. रामोन मात्र उभे राहिले. “ती जागा त्याची आहे! मी थांबायचो तिथे तो वाजवायचा. तू त्याच्या जागेत घुसलास आणि त्याला कळलं!” ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. “पुन्हा घूस!”

मी पुन्हा घुसलो. परत घुसलो. चानो भिंतीकडे पाहत राहिला.

“असे झटके येतात कधीकधी,” नर्स हळूच म्हणाली. “फार आशा धरू नका.”

रामोननी ऐकलं नाही. “पुढच्या रविवारी ये.”

“माझं विमान शनिवारी आहे,” मी म्हणालो. “तुम्हीच ती जागा भरून बघा ना.”

“मी?” त्यांनी मान हलवली. “माझा हात त्या जागेत जाणार नाही.”

परतीच्या दिवशी मी गाडीत बसलो तेव्हा रामोन आमचा ड्राइव्हवे साफ करत होते. त्यांनी फावडं उचलून निरोप दिला. मला फार वाईट वाटलं. 

बर्फ वितळायच्या आत अविनाशचा फोन आला. “काका, चानो अंकल गेले. पुन्हा काहीच रिस्पॉन्स नव्हता. फ्युनरलला रामोननी वाजवलं. मधेमधे थांबत होते. लोकांना वाटलं, विसरले.”

त्या गुरुवारी आमच्या भजनात बुवा ओळ संपवून थांबले. माझी बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. बुवांनी मागे वळून पाहिलं, “काय हो, झोपलात का?”

मी जागा भरली. भरताना कान चानोच्या कठड्याच्या आवाजाकडे लागले होते. नुसते टाळ वाजत राहिले.