अक्कासाठी थंडीची जागा

आमच्या हिच्या मावसभावाइतका संशयी माणूस देवाने दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असेल तर तो अजून घराबाहेर पडला नसेल. मी चौथी शिकलेला फिटर, लिहिणं माझं काम नव्हे. पण ही गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

चेन्नईजवळच्या अंबत्तूरची आम्ही आठ-दहा मराठी माणसं वर्षातून एकदा व्हॅन करून डोंगरात मुक्कामाला जायचो. रस्ता आणि जागा आधी बघून यायचं काम या मावसभावाने आपणहून अंगावर घेतलेलं. व्हॅनच्या रुंदीचा बांबू कापून तो स्कूटरला आडवा बांधायचा आणि जंगलात शिरायचा. बांबू झाडाला अडला की रस्ता नापास. वाटेत बसवाले त्याला तमिळमध्ये जे म्हणायचे ते मला कळतं, पण इथे लिहवत नाही. मुक्कामाच्या जागेवर तो चारी दिशांना डोकं करून आडवा व्हायचा, एकेका दिशेला पंधरा मिनिटं. एकदा चक्कर येऊन पडला असं वाटून फॉरेस्टचा गार्ड धावत आला, "एन्ना सार, मयक्कमा?" म्हणत त्याने तोंडावर पाणी मारलं. हा भिजल्या मिशांनी म्हणाला, "टेस्टिंग, टेस्टिंग."

मग एका वर्षी हिचं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, कुठे न्यायचं तर आताच न्या. हिचं मागणं एकच. आईने लग्नात दिलेली गोधडी तीस वर्षं ट्रंकेत पडून होती. इथल्या उकाड्यात तिला कोण विचारतो? "एकदा थंडीत ती पांघरून बसायचंय मला," म्हणायची. मी हसण्यावारी नेलं. भावाने मनावर घेतलं आणि डिसेंबरपासून डोंगर नापास करत सुटला. इथे मुंग्या, तिथे उतार, तिसरीकडे माकडांची नजर बरी नाही.

"अरे, डोंगर पसंत करतोयस की मुलगी?" मी खेकसलो.

"दाजी, अक्का एकदाच जाणार. चुकून चालेल का?"



जावादीचा डोंगर पास झाला तेव्हा मार्च उजाडला होता. थंडी राहिली असली तर अगदी माथ्यावर. निघालो. रस्ता चोख, रुंदीला कुठे नाव ठेवायला जागा नाही. पण टपावर आम्ही गाद्या, पातेली, स्टोव्ह रचले होते, आणि उंची मोजायचं याच्या डोक्यातच आलं नव्हतं. निम्म्या घाटात चिंचेच्या फांदीखाली व्हॅन अशी रुतली की पुढे ना मागे. सुटेपर्यंत दिवस कलला. ड्रायव्हर म्हणाला, अंधारात वर नेणार नाही. मुक्काम तिथेच, दगडांच्या सपाटीवर. वारं नाही, दगड तव्यासारखे.

हा लांब जाऊन बसला. "अक्का, चुकलो गं," एवढंच म्हणाला.

ही म्हणाली, "माझी गोधडी दे बघू." गळ्यापर्यंत ओढून घेतली. "काय गारठा रे हा! बरी काढलीस जागा."

त्याने डोळे पुसले, जागांच्या नोंदींची वही काढली आणि लिहिलं: थंडी उत्तम.

हिच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी तोंड उघडणार तोच गोधडीखालून हिने माझा हात दाबला. हात ओलाचिंब होता.

दिवाळीआधी ही गेली.

तो अजून रविवारी येतो. बसतो, उगाच पंखा बघतो, मग म्हणतो, "पण दाजी, अक्काला थंडी मिळाली हां."

उभ्या जन्मात मी कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो नाही. त्याला सांगतो, "मिळाली म्हणजे? दात वाजत होते तिचे."