हॉर्न नसलेली गाडी

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका सावकाश माणूस मुरबाड तालुक्यात आजवर झाला नाही, आणि शेजारचा शहापूर तालुका हिशेबात धरला तरी निकाल बदलेल असं मला वाटत नाही. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. जन्मभर एसटीत ड्रायव्हर. मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या गाड्या त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवल्या आणि त्यांच्या गाडीला कधी ओरखडासुद्धा आला नाही, कारण ओरखडा यायला दोन वस्तूंपैकी एक तरी हलती असावी लागते. हे मी म्हणत नाही, माझे भावोजी म्हणतात. ते आबांचे सख्खे चिरंजीव असल्यामुळे त्यांना असं बोलायचा हक्क आहे. टोकावड्याला आबांच्या गाडीत चढलेली बाई वालाच्या शेंगा सोलायला घ्यायची आणि जवळच्याच वैशाखऱ्याला उतरताना दाणे एका पिशवीत, सालं दुसऱ्या पिशवीत असायची. एकदा एक पॅसेंजर मागून ओरडला, "आबा, जरा दाबा की! लग्नाला पोचायचंय." आबांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे मागे वळून विचारलं, "लग्न तुमचं हाय का?" तो म्हणाला, "नाय." "मग तुमच्यावाचून आडणार नाय. बसा," असं म्हणून आबांनी पुन्हा गाडी सुरू केली, आणि आधीपेक्षाही सावकाश चालवली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोपेड घेतली. तिच्यावरून ते टोकावड्याच्या बाजाराला निघाले की पायी निघालेली माणसं त्यांच्याशी बोलत बोलत बरोबर चालतात आणि फाट्यावर निरोप घेऊन पुढे जातात. वळण आलं की हॉर्न द्यायचा ही सवय तर इतकी अंगात भिनलेली की घरातसुद्धा पडवीतून स्वयंपाकघराकडे वळताना ते मोठ्याने खाकरतात. उभ्या गाडीच्या चाकामागे दगड लावायचा हा दुसरा नेम. मोपेडला ते दगड लावतातच, पण पाहुण्यांच्या मोटारींना, शेजारच्या हातगाडीला, आणि नात लहान असताना तिच्या तीनचाकी सायकललाही लावत असत. त्यासाठी काळुंद्री नदीच्या पाण्यात घासून गुळगुळीत झालेला एक खास दगड त्यांच्या कापडी पिशवीत कायम असतो. जेवणाचं तर विचारूच नका. लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले आबा तिसऱ्या पंगतीबरोबर हात धुतात.

अशा माणसाची नात, म्हणजे माझी भाची ऋतुजा, शर्यतीच्या मोटारी चालवते.

त्याचं असं झालं, की भावोजी शहापूरच्या बाजूला हायवेवर एका रिसॉर्टमधल्या गो-कार्टच्या ट्रॅकवर इंजिनं दुरुस्त करायचे. शाळेला सुट्टी असली की ऋतुजा त्यांच्याबरोबर जायची आणि दुरुस्त झालेली गाडी नीट चालते का हे बघायच्या निमित्ताने ट्रॅकवर फेऱ्या मारायची. पुढे पुढे तिला गाठणारं तिथे कुणी उरलं नाही. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी तिचं नाव एका निवड चाचणीत घातलं, ती निवडली गेली, आणि होतकरू चालकांच्या मालिकेत एक हंगाम तिला गाडी मिळाली. म्हणजे त्या लांबट, बिनटपाच्या, चाकं उघडी बाहेर आलेल्या एका माणसाच्या गाड्या असतात ना, त्या. हंगामात पाच फेऱ्या, म्हणजे पाच शर्यती, त्याही दूर चेन्नई आणि कोइंबतूरला. इथे चांगली चाललीस तर वरच्या वर्गात, नाहीतर घरी.

हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं, कारण सासऱ्यांपुढे हा विषय काढायची ताईची हिंमत नव्हती. आबांनी एक जेवण होईस्तोवर ऐकून घेतलं, म्हणजे दुपार संपत आली. मग त्यांनी विचारलं, "मामा, समद्या गाड्या एकाच जागंवरनं सुटतात?"

"हो."

"आणि परत तिथंच येतात?"

"हो."

"मग जातात कशाला?"

आबांनी विरोध मात्र केला नाही. ऋतुजाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. पण पुढच्याच्या पुढं जायची काय गरज नाय."

पहिली फेरी आम्ही टोकावड्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यात पाहिली. भिंतीला टेकवलेला एक मोबाइल आणि त्यासमोर अर्धं गाव. ऋतुजा शेवटून तिसरी आली. लोक हळहळत उठले, तोवर आबा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. कुणीतरी विचारलं, "आबा, नंबर तर नाय ना आला?" आबा म्हणाले, "कुणाला धडक नाय, टायर फुटला नाय, गाडी डेपोत परत. आजून कसला नंबर पायजे?" दुसऱ्या फेरीत ती सहावी आली. गावाने फटाके लावले आणि आबांनी पेढे वाटले नाहीत. उलट तिला फोन करून सांगितलं, "मागनं कुणी घाईत आला तर वाट दे गो बाय. त्याचं काय काम असंल."

तिसऱ्या फेरीत अपघात झाला. वळणावर दुसऱ्या एकाचं चाक तिच्या चाकाला घासलं, तिची गाडी उचलली गेली आणि उलटी होऊन खडीत जाऊन पडली. मोबाइलवर एवढं दिसलं आणि लगेच चित्र बदलून दुसऱ्याच गाड्या दिसायला लागल्या. आबा चहाचा ग्लास हातात धरून उभे राहिले ते तिच्याबरोबर गेलेल्या भावोजींचा फोन येईपर्यंत तसेच. ऋतुजा स्वतः चालत बाहेर आली होती. मनगट दुखावलं होतं, बाकी ठीक होती. आबांनी "बरं" म्हटलं आणि न पिता ग्लास खाली ठेवला.

मनगटाला पट्टा बांधून ती घरी आली, पण तिचं काहीतरी तिथेच राहिलं होतं. कल्याणहून येताना जीपमध्ये पुढची जागा रिकामी असूनही ती मागे बसली, डोळे मिटून. भावोजींनी कार्टच्या ट्रॅकवर चल म्हटलं तर डोकं दुखतंय म्हणायची. दोन फेऱ्या बाकी होत्या. ताईने ठरवूनच टाकलं की आता बस. मला शहापूरच्या माझ्या घरून बोलावून घेतलं. ओट्यावर सगळे बसलो. आबा काय म्हणणार याची कुणालाच शंका नव्हती. ज्याने आयुष्यभर लोकांना हळू जायला सांगितलं तो आणखी काय सांगणार?

"किती फेऱ्या ऱ्हायल्यात?" आबांनी विचारलं.

"दोन," भावोजी म्हणाले.

"मग दोन कराव्या लागतील."

ताई उठूनच उभी राहिली. "आबा, तुम्ही सांगताय हे?"

"सूनबाई, मी गाडी उशिरा नेली, मान्य हाय. लोकांनी शिव्या दिल्या, त्या पण मान्य. पण मी कधी फेरी रद्द नाय केली. घाटात दरड आली तवा पॅसेंजर चालवत पलीकडं नेले आणि तिकडच्या गाडीत बसवून दिले." मग ते ऋतुजाकडे वळले. "तुला भ्या वाटतंय ना?"

तिने मान हलवली.

"वाटू दे. मला रोज वाटायचं. आमी काय हौस म्हणून हळू चालवायचो? तू पण हळू चालव. पार शेवटी ये. पण जाऊन ये."

"आबा, शेवटी आले तर पुढच्या वर्षी कोण घेणार मला?" ऋतुजाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी," आबा म्हणाले. "आणि एकटी नको जाऊ. मी येतो संगट."

शेजारच्या जुन्नर तालुक्यापलीकडे कधी न गेलेला हा माणूस कोइंबतूरला निघाला. भाषेची अडचण नको म्हणून मला बरोबर घेतलं. मला तमिळ येत नाही, पण आबांच्या मते मी शहापूरला राहत असल्यामुळे मला काहीही येऊ शकतं. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि अर्थातच तो दगड. रेल्वेत पहिल्या दिवशी त्यांनी तिकीट तपासनीसाला विचारलं, "एवढी का पळवताय? समद्यांचं रिझर्वेशन हाय ना?"

ट्रॅकवर ऋतुजाच्या गाडीभोवती आबांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. मग खाली वाकून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, ह्यांना विचारा, हॉर्न कुठाय?" मी तिथल्या इंजिनियरला मोडक्या इंग्रजीत विचारलं. तो भला माणूस, हसला नाही. हॉर्न नसतो म्हणाला. "हॉर्न नाय?" आबा ओरडले. "मग वळणावर काय करते पोर?" मी म्हटलं, "ब्रेक लावते." आबांचं समाधान झालं नाही. दुसरा प्रश्न, "शीट एकच. कंडक्टर कुठं बसतो?" तेव्हा कळलं, की हाच इंजिनियर कानाला हेडफोन लावून शर्यतभर तिच्याशी बोलतो, पुढे कोण, मागे कोण ते सांगतो. आबांना एकदम हायसं वाटलं. त्या क्षणापासून त्यांनी त्याला कंडक्टर म्हणायला सुरुवात केली आणि त्याला आग्रहाने सुकट-भाकरी खाऊ घातली. त्याने डोळे पुसत पुसत दुसरी मागितली. थोड्या वेळाने गाडी बाहेर काढायची वेळ आली तर ती ढकलता ढकलेना. मेकॅनिक खाली वाकून बघतो तो मागच्या चाकाला काळुंद्रीचा दगड.

शनिवारी चौथी फेरी झाली. ऋतुजाने आबांचं तंतोतंत ऐकलं. प्रत्येक वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचलला, सगळ्यांना वाट दिली आणि शेवटी आली. आबांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पण ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं आणि कुणाकडेही न बघता टायरांच्या थप्पीमागे जाऊन बसली. आबा तिच्याकडे दोन पावलं गेले आणि परत फिरले. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी पानात टाकली. मला म्हणाले, "मामा, पोर परत आली, पण आलीच नाय."

रविवारची पाचवी फेरी. आबा म्हणाले, आपण सगळ्यात अवघड वळणावर उभं राहू. आम्ही जाळीला धरून उभे राहिलो. ऊन रणरणत होतं. ऋतुजा बरीच मागे होती, पुढे एक निळी गाडी. दर चक्करला वळण आलं की ती निळ्या गाडीला अगदी चिकटायची आणि मग मागे पडायची. आबा आवाज ऐकत होते. "पाय उचलते," ते पुटपुटले. पुढच्या चक्करला पुन्हा तेच. "जागा हाय आतनं. जागा असून पाय उचलते." त्यांची बोटं जाळीत रुतली होती. तिसऱ्यांदा त्या दोन गाड्या आल्या, आणि माझ्या शेजारून असा काही आवाज निघाला की मी दचकून बाजूला झालो.

"दाब! दाब गो ऋतू, दाब! वाट मोकळी हाय!"

टोपी हातात, मानेच्या शिरा ताठ, एक पाय जमिनीवर जोरजोरात दाबत आबा ओरडत होते. आणि ऋतुजाने दाबलं. निळ्या गाडीच्या आतून ती अशी निघाली की मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती पुढे होती. नंतर तिने आणखी काहींना मागे टाकलं. शेवटी ती चौथी आली. तिघांचा सत्कार झाला त्यात ती नव्हती, पण संघाचे लोक तिला खांद्यावर घ्यायचे बाकी होते. कंडक्टरने तिथल्या तिथे विचारलं, पुढच्या हंगामासाठी इथेच राहून सराव करशील का?

ऋतुजा गाडीतून हसत हसत उडी मारून बाहेर येऊ लागली तेव्हा आबा पुढे धावले, तिचा दंड धरला आणि म्हणाले, "हळू उतर." मग खिशातल्या रुमालाने तिच्या तोंडावरचा घाम पुसत राहिले, घाम संपला तरी. ऋतुजा म्हणते, हेल्मेटमध्ये तिला काहीही ऐकू आलं नव्हतं, त्या वळणावर घुसायचं तिने स्वतःच ठरवलं होतं. आबा म्हणतात, आपण ओरडलोच नाही, मामांना ऊन लागलं असेल. साक्षीला मी एकटा, त्यामुळे विषय तिथेच राहिला आहे.

भात झोडून झाल्यावर ऋतुजा सरावासाठी कोइंबतूरला गेली. त्यानंतर एका रविवारी मी ताईकडे गेलो. आबा ओट्यावर एकटेच बसले होते. थोडे वाळल्यासारखे वाटले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मामा, त्या समद्यात वरच्या वर्गाला जायला तिला किती वर्षं लागतील?"

"सगळं नीट झालं तर चार-पाच तरी."

रस्त्यावरून एक एसटी घाटाकडे गेली, तिचा आवाज पार विरून जाईपर्यंत आबा ऐकत राहिले. मुरबाडच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या कधीच्या लिहून दिल्यात. ताई रोज सकाळी मागे लागते आणि आबा रोज उद्यापासून म्हणतात. त्या संध्याकाळी मात्र आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, ती गोळी आन गो."

ताई गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आबांनी गोळी तळहातावर ठेवून नीट निरखली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवत विचारलं,

"रोज एकच घ्यायची ना? का दोन घेतल्या तर लवकर गुण येतो?"